साध्या फोनवरचं *९९# : आत्यासोबत दोन महिने वापरून बघितलं

आत्याकडे बटणांचा फोन आहे, नेट नाही. जनधन खात्यात निराधारचे पैसे येतात, ते आले का बघायला दर महिन्याला कामाचा खाडा करून बँकेत जायची आणि पासबुक कुणाकडून तरी वाचून घ्यायची. म्हणून तिला *९९# चालू करून दिलं, म्हणजे नेट नसलेल्या फोनवरूनच खात्यातला बॅलन्स बघायची आणि पैसे पाठवायची सोय. ही सेवा यूपीआयच्याही आधीची आहे, २०१४ ला जनधनसोबत देशभर सुरू झाली, यूपीआयला नंतर जोडली, आणि आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

वापरायला सोपं आहे. *९९# डायल केलं की स्क्रीनवर मेनू येतो, आकडा टाकून पाठवायचा, बास. पहिल्यांदा मात्र बँकेचं नाव, एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख टाकून पिन करावा लागतो आणि खरी दमछाक इथेच झाली. आत्याचं रुपे कार्ड पाकिटातून कधी काढलंच नव्हतं आणि मुदत संपून गेलेली, वर खात्याला मोबाइल नंबर लावलेला मुलाचा. नंबर बदलायचा फॉर्म, नवीन कार्डाचा अर्ज, परत चकरा, महिना गेला त्यात. फोनवरचं काम दहा मिनिटांचं पण नव्हतं.

दुसरा त्रास म्हणजे उत्तर द्यायला उशीर झाला की मेनू बंद होतो. आत्या चष्मा शोधेपर्यंत गेलेला असायचा, मग परत पहिल्यापासून. आता तिने आकडेच पाठ केलेत, ३ म्हणजे बॅलन्स. अक्षरं अडखळत वाचते पण आकडे पक्के आहेत तिचे.

ज्यांना मेनू जमत नाही त्यांच्यासाठी १२३पे आहे, ८ मार्च २०२२ ला रिझर्व्ह बँकेने आणलं, त्यात फोन लावून ऐकत ऐकत बटणं दाबायची. एका वेळी पैसे पाठवायची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, ती १०,००० करायचं २०२४ मध्ये जाहीर झालं. आम्ही ते एकदाच वापरलं, आत्याला ते बोलणं फार फास्ट वाटलं.

पैसे पाठवणं तिने दोनदाच केलं, तेही मी शेजारी बसलेलो असताना. पण बॅलन्स ती सारखा बघते आणि माझ्या मते गरीब माणसासाठी ह्यातली सगळ्यात मोठी सोय हीच आहे, खात्यात किती आहेत हे दुसऱ्या कुणाला न विचारता, न सांगता कळणं. पिन टाकताना मी मुद्दाम तोंड फिरवून बसलो होतो. एक गोष्ट मात्र तिच्याकडून दहा वेळा म्हणून घेतली, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कुणी मागितला तर फोन ठेवायचा.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो कार्डाच्या अटीसाठी. तुमच्या घरच्या कुणाला चालू करून देणार असाल तर आधी कार्डावरची तारीख बघा आणि खात्याला नंबर कुणाचा लागलाय ते बँकेत विचारून या.