पत्रे की आठवणी? नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्यांचे कागद
१८२५ मध्ये नॉर्वेतील स्टाव्हांगर बंदरातून स्थलांतरितांचे पहिले गलबत न्यूयॉर्ककडे निघाले. पुढे त्या वाटेने गेलेल्या नॉर्वेजियन कुटुंबांच्या कागदांत घरी धाडलेली पत्रे आणि उतारवयात लिहिलेल्या आठवणी हे दोन प्रकार ठळक दिसतात. पत्रांत जमिनीचा भाव, मजुरी, पीक आणि आजारपण ताजे असते; टेक्ससमधून नॉर्वेजियन स्थलांतरित एलिसे व्हेरेन्शोल्ड यांनी कित्येक दशके लिहिलेली पत्रे म्हणूनच मला अनमोल वाटतात. मात्र घरच्यांच्या जिवाला घोर लागू नये म्हणून पत्रांतून अनेक दुःखे गाळली जात. आठवणींत ती उघड होतात, पण नातवंडांसाठी लिहिताना तारखांची सरमिसळ होते आणि कष्टांना यशाची झळाळी चढते. मिनेसोटातील नॉर्थफील्ड येथील नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास संस्थेच्या संग्रहात दोन्ही मिळतात. अभ्यासकाने आधी पत्रे वाचावीत आणि त्यांतील मौनाचा शोध आठवणींत घ्यावा.