सेंद्रिय शेताची सीझनभराची मेंबरशिप: रोज घरी स्वयंपाक होत असेल तर नक्की घ्या

जवळच्या एका सेंद्रिय शेताची सीएसए मेंबरशिप घेतली होती, आता अख्खा सीझन झालाय म्हणून जरा सविस्तर लिहितेय. सीएसए म्हणजे कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर. सीझनच्या आधीच शेतकऱ्याला पैसे द्यायचे आणि मग दर आठवड्याला शेतात जे निघेल त्यातला आपला वाटा घ्यायचा. आधी पैसे का, तर बियाणं, खत, मजुरी हा सगळा खर्च पेरणीच्या वेळी होतो आणि पैसा हातात येतो माल विकल्यावर, मधल्या काळात बऱ्याच जणांना कर्ज काढावं लागतं. जपानमध्ये १९७० च्या दशकात 'तेइकेई' नावाने हे सुरू झालं, अमेरिकेत १९८६ पासून.

भाजीबद्दल बोलायचं तर एक नंबर. पालक मुळांसकट येतो, मुळांना ओली माती तशीच, आणि पान मोडलं की कट्कन आवाज येतो! धुवायला वेळ लागतो हे खरं, तीन-चार पाण्यांतून काढावा लागतो, पण मला ते चालतं. मुळा, गाजर घरी आणल्या आणल्या पाला कापून वेगळा ठेवा, नाहीतर पाला कंदातलं पाणी ओढून घेतो आणि दोन दिवसांत मुळा लिबलिबीत होतो.

पण हे दुकान नाही, हे डोक्यात पक्कं ठेवूनच पैसे भरा. काय हवंय ते तुम्ही नाही ठरवत, शेत ठरवतं. मध्ये सलग पाऊस लागला आणि पालेभाजी सगळी सडली, त्या आठवड्यात पेटी अर्धीच आली, पैसे परत वगैरे काही नाही, आणि मला ते बरोबरच वाटतं कारण नुकसान वाटून घ्यायचं हाच तर करार आहे. नंतर टोमॅटो इतके आले की शेजारी वाटून, सॉस करून फ्रीझरमध्ये टाकूनही उरले.

तक्रार एकच, पण मोठी. पेटीत काय येणार ते त्याच दिवशी सकाळी कळायचं, मग आठवड्याचं प्लॅनिंग कसं करायचं? आदल्या दिवशी एक मेसेज टाकायला काय हरकत आहे, मी हे त्यांना दोनदा सांगितलं, फरक पडला नाही. शिवाय पेटी न्यायला उशीर झाला की ती दुसऱ्याला देऊन टाकतात.

घेणार असाल तर आधी थेट विचारा, सगळं स्वतःच्याच शेतात पिकतं की बाहेरून आणून भरतात? सर्टिफिकेट आहे का, नसेल तर शेत बघायला येऊ देतात का? (रासायनिक शेती सोडून सर्टिफिकेट मिळेपर्यंत साधारण २-३ वर्षं जातात, त्यामुळे सर्टिफिकेट नाही म्हणजे लगेच फसवणूक असं समजू नका.) गावाला गेलो तर त्या आठवड्याची पेटी पुढे ढकलता येते का, हेही.

घरात दोघंच असाल तर अर्धा वाटा घ्या, पूर्ण वाटा संपत नाही. आणि न आवडणारी भाजी ठेवून दुसऱ्याची उचलता येईल अशी अदलाबदलीची पेटी जिथे ठेवतात ते शेत आधी बघा, आमच्याकडे ती होती म्हणून बरीच भाजी वाया जायची वाचली.