सिस्टिमडीची संसाधन-मर्यादा : एकाच संगणकावर दोन जड कामे चालवणाऱ्यांसाठी परीक्षण

लिनक्सच्या बहुतेक प्रचलित वितरणांबरोबर विनामूल्य येणाऱ्या सिस्टिमडीमध्ये, म्हणजे इतर प्रोग्राम सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रणालीमध्ये, एखाद्या प्रोग्रामने किती मेमरी, किती सीपीयू आणि किती डिस्क वापरावी हे ठरवून देण्याची सोय आहे. लहान कार्यालयांनी दुसरा संगणक विकत घेण्याआधी ती वापरून पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मेमरी आणि सीपीयूच्या बाबतीत ही सोय उत्तम आहे. डिस्कच्या बाबतीत मात्र तिच्यावर फार विसंबू नये.

आमचे कार्यालय नाशिकमध्ये शरणपूर रोडवर असून आमचे ग्राहक मुख्यतः दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतले द्राक्षबागायतदार आहेत. बागेची ड्रोनने टिपलेली शेकडो छायाचित्रे जोडून प्लॉटचा एकसंध नकाशा तयार करायचा आणि त्यावरून मर झालेल्या वेली व विरळ ओळी दाखवून द्यायच्या, हे एक काम. औषधे आणि खते यांची विक्री, म्हणजेच बिलिंग, हे दुसरे. ही दोन्ही कामे 8 कोअर आणि 16 जीबी मेमरी असलेल्या एकाच उबंटू संगणकावर चालतात. ऑक्टोबर छाटणीच्या हंगामात दोन्हींचा जोर एकदमच वाढतो. छायाचित्रे जोडणारा प्रोग्राम मिळेल तेवढी मेमरी घेतो, बिलिंगच्या डेटाबेसची मेमरीतली पाने स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेत, ढकलली जातात आणि काउंटरवरून आवाज येतो, “सर, बिल सेव्हच होत नाहीये, नुसतं फिरतंय.” समोर बागायतदार उभा असताना हे ऐकावे लागणे धंद्याला परवडत नाही.

यावरचे जुने उपाय अपुरे का पडतात, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ‘नाइस’ ही आज्ञा फक्त सीपीयूचा प्राधान्यक्रम बदलते, मेमरीशी तिचा संबंध नाही. ‘यूलिमिट’ची मर्यादा प्रत्येक प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रामला) स्वतंत्रपणे लागू होते, त्यामुळे 2 जीबीची मर्यादा घातलेल्या प्रोग्रामने 8 उपप्रोसेस सुरू केल्या, तर प्रत्येकीला 2 जीबीची मुभा मिळते आणि मूळ हेतूच फसतो. ‘सीपीयूलिमिट’ हे साधन प्रोसेसला वारंवार थांबवण्याचे आणि पुन्हा सुरू करण्याचे सिग्नल पाठवून काम भागवते, आणि वेगळा पर्याय दिल्याशिवाय उपप्रोसेसकडे पाहतही नाही.

सिस्टिमडीची सोय यांच्याहून वेगळी ठरते, कारण तिच्या मुळाशी कर्नलमधले, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातले, ‘सीग्रुप’ अर्थात प्रोसेसचे गट आहेत. गूगलमधल्या अभियंत्यांनी 2006 मध्ये सुरू केलेले हे काम 2008 च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स 2.6.24 मध्ये दाखल झाले आणि त्याची नव्याने रचलेली दुसरी आवृत्ती 2016 मध्ये लिनक्स 4.5 बरोबर अधिकृत झाली. येथे मर्यादा एका प्रोसेसवर नसून संपूर्ण गटावर असते, आणि गटातल्या प्रोसेसने जन्माला घातलेली प्रत्येक प्रोसेस आपोआप त्याच गटात जाते.

मेमरीसाठी दोन मुख्य मर्यादा आहेत. ‘मेमरीहाय’ ओलांडली की कर्नल त्या गटाचा वेग कमी करतो आणि त्याच्याकडून मेमरी परत मिळवण्याचा प्रयत्न करतो. ‘मेमरीमॅक्स’ मात्र कडक आहे, तिथे मेमरी सोडवता आली नाही तर गटातलीच प्रोसेस मारली जाते. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा ‘गटातलीच’. संपूर्ण संगणकाची मेमरी संपते तेव्हा बळी कोणाचा जाईल हे सांगता येत नाही, तर येथे फटका बसायचा त्यालाच बसतो आणि बिलिंगला धक्का लागत नाही. तरीही एक गोष्ट सूचनापुस्तिका वाचतानाही सहज निसटते. मेमरीमॅक्समध्ये स्वॅप धरलेला नसतो. 10 जीबीची मर्यादा घालून स्वस्थ बसलो तर उरलेला सगळा भार स्वॅपवर जातो, डिस्क अखंड खडखडत राहते आणि बिलिंग पूर्वीइतकेच संथ होते. म्हणून ‘मेमरीस्वॅपमॅक्स’ शून्य करणे अत्यावश्यक आहे. मात्र स्वॅप शून्य असताना मेमरीहायचा उपयोग जवळजवळ उरत नाही, कारण बाहेर काढण्यासारखे फारसे काही कर्नलला सापडत नाही आणि प्रोग्राम ना पुढे सरकतो ना बंद पडतो. आमच्याकडे मेमरीमॅक्स 10 जीबी, स्वॅप शून्य आणि मेमरीहाय रिकामी, अशी मांडणी समाधानकारक चालते. छायाचित्रांचा संच फारच मोठा असेल तर काम मधेच बंद पडते. तसे झाले की ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’मध्ये कारण स्पष्ट दिसते, आणि संचाचे दोन भाग करून काम पुन्हा लावता येते.

सीपीयूच्या बाबतीत बहुतेक जण ‘सीपीयूकोटा’, म्हणजे वापराची कमाल मर्यादा, निवडतात. माझा अनुभव सांगतो की पहिली निवड ‘सीपीयूवेट’, म्हणजे स्पर्धा असतानाचा वाटा, असावी. कोट्यातले 100 टक्के म्हणजे एक कोअर, त्यामुळे 200 टक्के म्हणजे दोन कोअर. हा हिशेब मुळात 100 मिलिसेकंदांच्या फेऱ्यांनी होतो. 8 कोअरवर 8 थ्रेड (एकाच प्रोग्रामचे समांतर चालणारे धागे) एकदम पळवणाऱ्या प्रोग्रामला 200 टक्के कोटा दिला, तर त्याच्या वाट्याचे 200 मिलिसेकंद पहिल्या 25 मिलिसेकंदांतच खर्च होतात आणि उरलेले 75 मिलिसेकंद तो नुसता थांबून राहतो. शिवाय रात्री कार्यालय बंद असताना, संगणकावर दुसरे कोणतेही काम नसतानाही, हा अडसर तसाच राहतो. वेटचे तसे नाही. ते पाटाच्या पाण्याच्या पाळीसारखे आहे : शेजाऱ्याला पाणी नको असेल तर ते वाया न जाता तुमच्या शेताकडे वळते. वेटचे मूळ मूल्य 100 असते आणि ते 1 ते 10,000 यांदरम्यान ठेवता येते. छायाचित्रांच्या कामाला 20 आणि डेटाबेसला 200 दिले, तर दोघांनाही सगळे कोअर हवे असतील तेव्हाच वाटणी एकास दहा होते.

ही वाटणी केवळ एकाच पातळीवरच्या भावंड गटांमध्ये होते, हे लक्षात न घेतल्यास सारे आकडे व्यर्थ जातात. उबंटूवर पोस्टग्रेस या डेटाबेसची सर्व्हिस थेट ‘सिस्टिम स्लाइस’मध्ये (स्लाइस म्हणजे गटांच्या झाडाची एक फांदी) नसून त्याखालच्या स्वतःच्या वेगळ्या स्लाइसमध्ये असते. सर्व्हिसला कितीही मोठे वेट दिले तरी त्या स्लाइसमध्ये तिच्याशी स्पर्धा करणारे कोणीच नसते, त्यामुळे वेट त्या स्लाइसलाच द्यावे लागते. बिलिंगचा ब्राउझर तर ‘यूजर स्लाइस’मध्ये, म्हणजे आणखी वेगळ्या फांदीवर असतो. कोण कुठे बसले आहे हे ‘सिस्टिमडी-सीजीएलएस’ झाडाच्या रूपात दाखवते आणि कोण किती खातो आहे हे ‘सिस्टिमडी-सीजीटॉप’ सांगते. आकडे भरण्याआधी ही दोन्ही उघडून पाहावीत.

डिस्कची बाजू मात्र निराशा करते. ‘आयओवेट’, म्हणजे डिस्कच्या वापरातला वाटा, लिहिले की सिस्टिमडी ते निमूटपणे स्वीकारते, परंतु डिस्कसाठी बीएफक्यू हा शेड्युलर (वाचन-लेखनाचा क्रम ठरवणारा भाग) निवडलेला नसेल किंवा डिस्कचा वेळ गटांमध्ये वाटणारी कर्नलची आयओकॉस्ट ही सोय सुरू केलेली नसेल, तर त्याचा काहीही परिणाम होत नाही आणि तसा इशाराही मिळत नाही. इतक्या काळजीने घडवलेल्या साधनात ही उणीव मला खटकते. प्रति सेकंद किती मेगाबाइट लिहावेत याची कमाल मर्यादा तुलनेने विश्वासार्ह आहे. आम्ही तीच वापरतो.

वापर सोपा आहे. ‘सिस्टिमडी-रन’ या आज्ञेपुढे मर्यादा आणि नंतर प्रोग्रामचे नाव लिहिले की तो मर्यादेसह सुरू होतो. आधीपासून चालू असलेल्या सर्व्हिसला ‘सेट-प्रॉपर्टी’ने, ती बंद न करता, मर्यादा घालता येते. सामान्य वापरकर्ता म्हणून काम करताना जुन्या आवृत्त्यांत मेमरीची मर्यादा चालते पण सीपीयूची चालत नाही, म्हणून जड काम सिस्टिम सर्व्हिस म्हणूनच लावणे बरे.

वर सांगितलेले सर्व सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीला लागू आहे. उबंटू 22.04 आणि डेबियन 11 यांमध्ये ती मुळातच चालू असते, उबंटू 20.04 मध्ये जुनी पद्धत असते आणि तिथे मेमरीहाय लिहूनही काही होत नाही. कार्यालयातला संगणक तितका जुना असेल, तर आधी बॅकअप घेऊन प्रणाली अद्ययावत करावी आणि मगच मर्यादांचे आकडे भरायला बसावे.