‘क्लाउड कन्सोल’ घेताय? आधी बिल वाचा

दुकानदार जे बोलला त्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणूनच हे लिहायला घेतलंय. गेम आता इंटरनेटवरून चालवता येतात, हे खरं. त्यासाठी घरात कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशिन, असायलाच हवा असं नाही, हेही खरं. फक्त त्याने आमच्या गळ्यात मारलेल्या डब्याला यातलं काहीच धड जमत नव्हतं.

२०२४ची दिवाळी, नाशिक. मुलाला सोनीचा प्लेस्टेशन-५ कन्सोल, म्हणजे पीएस-५ हवा होता. डिस्कवाल्या पीएस-५ची किंमत तेव्हा ५४,९९० रुपये. मी सरळ ‘नाही’ म्हटलं. मग त्याला एका दुकानाचा व्हॉट्सॲप मेसेज आला: जुना कन्सोल द्या, क्लाउड कन्सोल न्या, ५०० हून जास्त पीएस-५ गेम, लाइफटाइम, नंतर एकही पैसा नाही. मित्रांवर भाव मारायला त्याने तो लगेच पुढे पाठवला. त्याच्या या फुशारकीचा पुढे उपयोग झाला, ते सांगतेच.

दुकानदार बोलायला गोड होता. “मॅडम, कॅसेट गेली, सीडी गेली, डीव्हीडीची लायब्ररी गेली. आता कन्सोलचा नंबर. डिस्क घ्यायच्या, डाउनलोड करायचं, जागा भरली की डिलीट करायचं, कशाला हा ताप? गेम कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालणार, तुमच्या टीव्हीवर फक्त चित्र येणार.” असं म्हणत त्याने तळहाताएवढा काळा डबा टीव्हीला लावला आणि मुलाच्या हातात कंट्रोलर दिला. फुटबॉलचा नवा गेम सुरू झाला. चित्र स्वच्छ, बटण दाबताक्षणी पाय हलत होता. मुलगा हरखला. मलाही पटलं, कारण डोळ्यांसमोर चालत होतं.

सौदा असा ठरला: आमचा पीएस-४, दोन कंट्रोलर आणि सगळ्या डिस्क मिळून ११,००० रुपये धरायचे आणि वर ९,००० यूपीआयने द्यायचे. पीएस-४ मधला आमचा डेटा पुसून देतो म्हणाला. बिल म्हणून एक हाताने लिहिलेला कागद दिला.

घरी डबा लावल्यावर वेगळाच खेळ सुरू झाला. दुकानात दिसलेलं ॲप त्यात नव्हतंच. दुसरं ॲप होतं, त्यात आधीच कुणाचं तरी खातं उघडलेलं, आणि शेजारी व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या ठिकाणाहून फिरवून नेणारं ॲप) चालू. गेम सुरू व्हायचा, पण चित्राचे चौकोन पडायचे. उडी मारायचं बटण दाबलं की गडी खड्ड्यात पडून झाल्यावर उडी मारायचा. मधेच ‘हे खाते दुसऱ्या उपकरणावर वापरात आहे’ असा संदेश येऊन सगळं बंद. सेव्ह केलेल्या गेममध्ये भलत्याच लोकांची प्रगती दिसायची. मुलाने रात्रभर खेळून गाठलेली पातळी सकाळी कुणीतरी पुसलेली असायची.

फोन केला की एकच उत्तर: “मॅडम, तुमचं नेट स्लो आहे.” आमच्याकडे १०० एमबीपीएसचं फायबर आहे. माझा भाऊ बंगळुरूला नेटवर्किंगमध्ये काम करतो, त्याने फोनवर ही भानगड उलगडून सांगितली. ती सगळ्यांनी समजून घ्यावी, कारण ‘नेट स्लो आहे’ हे वाक्य अशा दुकानदारांची ढाल असते.

एमबीपीएस म्हणजे दर सेकंदाला किती माहिती येऊ शकते. पण गेमला त्याहून महत्त्वाचं असतं पिंग, म्हणजे बटण दाबल्याचा निरोप सर्व्हरपर्यंत (जिथे गेम चालतो त्या दूरच्या कॉम्प्युटरपर्यंत) जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर सिंगापूरला असेल, तर मुंबईहून सरळ रेषेत जाऊन-येऊन सुमारे ७,८०० किलोमीटर होतात; म्हणजे सगळं आदर्श असलं तरी जवळपास ३९ मिलिसेकंद नुसत्या प्रवासात गेले. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. शिवाय सर्व्हरने चित्र बनवायचं, त्याचा व्हिडिओ करायचा, डब्याने तो उलगडायचा, टीव्हीने दाखवायचा. वर व्हीपीएनचा वळसा. तुम्ही १०० चं कनेक्शन ३०० चं केलंत तरी सिंगापूर जवळ येत नाही.

मग दुकानात इतकं छान कसं चाललं होतं? ते महावितरणच्या कृपेने कळलं. आम्ही डबा घेऊन दुकानात गेलो, त्याने पुन्हा तोच डेमो लावला, “बघा, माझ्याकडे मख्खन चालतंय.” तेवढ्यात लाइट गेली. समोरचा टीव्ही, राउटर, डबा इन्व्हर्टरवर होते, ते चालूच राहिले. पण गेम गेला, आणि पडद्यावर संदेश आला की पीएस-५ शी संपर्क तुटला. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, “आई, क्लाउडची लाइट कशी गेली?”

आतल्या खोलीत खराखुरा पीएस-५ होता. तिथला प्लग इन्व्हर्टरवर नव्हता.

याला रिमोट प्ले म्हणतात. सोनीचीच फुकट सोय आहे. आपल्याच कन्सोलवर चाललेला गेम वायफायवरून फोनवर, लॅपटॉपवर किंवा अँड्रॉइड टीव्हीवर बघत खेळायचा. उत्तम चीज आहे, पण त्यासाठी कन्सोल लागतो! भिंतीपलीकडच्या कन्सोलचं चित्र दाखवून तो आम्हाला ‘कन्सोलची गरज नाही’ हे पटवत होता. नंतर मुलाला आठवलं, पहिल्या दिवशीही गेमच्या नावाशेजारी डिस्कचं छोटं चिन्ह होतं. ढगात डिस्क कोण घालणार?

त्याच्याशी वाद घातला तेव्हा तो म्हणाला, “अहो मॅडम, डेमो हा डेमोच असतो. डबा चालू आहे ना? मग फसवणूक कुठे?” पीएस-४ परत मागितला, तर तो विकून मोकळा झाला होता. डेटाही पुसला नव्हता. नव्या मालकाकडे आमच्या मुलाचं खातं तसंच उघडं होतं. पासवर्ड बदलला, दुहेरी पडताळणी सुरू केली आणि वेबसाइटवरून सगळी उपकरणं निष्क्रिय केली. कुणाचा कन्सोल असा हातातून गेला असेल तर हे आधी करा. गेमची प्रगती मात्र गेली, ती त्या मशिनमध्येच होती.

आता बिल. कागदावर जीएसटी क्रमांक नाही, आणि मालाचं वर्णन एका ओळीत: ‘अँड्रॉइड टीव्ही बॉक्स, १ नग’. क्लाउड नाही, गेम नाही, लाइफटाइम नाही, एक्स्चेंजचा उल्लेख नाही. असे डबे ऑनलाइन तीनेक हजारांत मिळतात. कागदावर बघितलं तर आम्ही टीव्ही बॉक्स घेतला आणि टीव्ही बॉक्स मिळाला. त्याने जाहिरातीचा मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करून टाकला होता. पण मुलाने मित्राला पुढे पाठवलेली प्रत तशीच होती, तारखेसकट. आज माझ्या तक्रारीचा कणा तोच मेसेज आहे.

बँकेने हात वर केले, कारण पैसे मी स्वतः पिन टाकून दिले होते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार क्रमांक मिळाला, पण दुकानदारावर त्याचा काही परिणाम झाला नाही. रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस गेल्यावर मात्र तो ६,००० रुपये द्यायला तयार झाला. मी घेतले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि घटनेपासून २ वर्षांत तक्रार करता येते.

‘लाइफटाइम’ या शब्दाचं तर मला आता हसू येतं. ऑनलाइव्ह नावाची गेम स्ट्रीमिंग (म्हणजे गेम असे नेटवरून चालवायची) सेवा २०१० साली आली आणि ३० एप्रिल २०१५ला बंद झाली. गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टेडिया सुरू केलं. पैसा, सर्व्हर, इंजिनियर, कशाचीच कमी नव्हती. १८ जानेवारी २०२३ला तेही मिटलं. गूगलने निदान त्यांच्याकडून घेतलेल्या गेमचे आणि कंट्रोलरचे पैसे लोकांना परत केले. जिथे गूगलचं सव्वातीन वर्षांत आटोपलं, तिथे आमचा दुकानदार आयुष्यभराची हमी देत होता. आणि सोनीची स्ट्रीमिंग तेव्हा भारतात नव्हतीच. परदेशात पीएस प्लसचा, म्हणजे सोनीच्या वर्गणीच्या सेवेचा, सर्वांत वरचा प्लॅन ‘प्रीमियम’ आहे, त्यात स्ट्रीमिंग मिळतं. आपल्याकडे त्याऐवजी ‘डिलक्स’ विकला जात होता, स्ट्रीमिंगशिवाय. कंपनीच्या भारतीय वेबसाइटवर हे कुणालाही दिसलं असतं. मला बघायचं सुचलं असतं तरच, कारण ‘५०० पीएस-५ गेम’ कुठून येणार हा प्रश्न दुकानात उभं असताना पडत नाही.

स्ट्रीमिंग म्हणजेच थाप, असं मात्र नाही. नोव्हेंबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची क्लाउड सेवा भारतात अधिकृतपणे मिळते. भाऊ ती वापरतो. सावकाश डाव टाकायचे गेम झकास चालतात म्हणतो. मारामारीचे आणि शर्यतीचे तो अजून पीसीवरच खेळतो. डेटाचंही बघा: २० एमबीपीएसने चित्र आलं तर तासाला ९ जीबी जातात. मोबाइलचा रोजचा दीड जीबी १० मिनिटांत संपेल.

अशी अधिकृत सेवा घ्यायला कुठला डबा विकत घ्यावा लागत नाही. स्वतःच्या नावाने खातं काढायचं, एका महिन्याचे पैसे भरायचे आणि आहे त्या फोनवर किंवा लॅपटॉपवर, आपल्याच घरच्या नेटवर चालवून बघायचं. दुसऱ्याने उघडून दिलेलं खातं आपलं नसतं, तो कधीही पासवर्ड बदलू शकतो. आणि तुमचा जुना कन्सोल विकायचाच असेल तर वेगळा विका, एक्स्चेंजमध्ये घालू नका. तो घरात असता तर मी डबा दुकानदाराच्या काउंटरवर आपटून आले असते.

आयोगात तक्रार दाखल केली आहे. दुकानाबाहेरचा फलक अजून तसाच आहे, फक्त ‘लाइफटाइम’वर कागद चिकटवून ‘५ वर्षे’ केलंय.