कर्नाळा अभयारण्याला लागून असलेला बंगला : घेण्याआधी काय बघाल

कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या हद्दीला लागून, मुंबई-गोवा महामार्गापासून थोडा आत, चार गुंठ्यांवर बांधलेला तीन बेडरूमचा दुमजली बंगला विक्रीला आहे. बांधणी चांगली आहे. चारही बाजूंना तीन फूट बाहेर काढलेली वळचण, स्लॅबवर मंगलोरी कौलं, स्वयंपाकघरामागे धुण्याभांड्यांची ऐसपैस मोरी. पावसाळ्यात भिंती कोरड्या राहायच्या तर वळचण एवढी हवीच, आणि हल्लीच्या चौकोनी डब्यासारख्या बंगल्यांत नेमकी तीच नसते.

मोठा दोष आहे तो काचेचा. दिवाणखान्याची जंगलाकडची भिंत १२ फूट रुंद आणि ८ फूट उंच, अखंड काचेची आहे. सकाळी तिच्यात समोरची झाडी जशीच्या तशी उमटते. पाचू कवडा, म्हणजे हिरव्या पंखांचं रानकबूतर, जमिनीलगत सुसाट उडतो आणि त्याला ती खरीच झाडी वाटते. बाहेर उभं राहून तिरकं बघितलं की काचेवर पांढुरके ठसे दिसतात. एका ठशात तर पंखाचं पीस न् पीस मोजता येतं. ती धूळ नव्हे, धडकलेल्या पक्ष्याच्या पिसांची भुकटी आहे. आतून पडदा लावून काही होत नाही, कारण प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठभागावर पडतं. बाहेरच्या बाजूने संपूर्ण काचेवर ५ सेंटिमीटरच्या अंतराने ठिपक्यांची फिल्म लावायची, किंवा काचेपासून अर्धा फूट दूर बारीक जाळी ताणून बांधायची. पक्ष्यांसाठी राखलेल्या जंगलाशेजारी राहायचं तर हा खर्च टाळू नये. रात्री बाहेरचे दिवेही खाली झुकलेले आणि पिवळ्या उजेडाचे ठेवा.

पन्हळीला ४ इंची पाइप एकच आहे. सागाचं एक मोठं पान त्याच्या तोंडावर आडवं बसलं की पन्हळ तुंबते, पाणी कौलांखाली मागे फिरतं आणि स्लॅबच्या कडेला ओल धरते. वरच्या मजल्यावर नैऋत्येच्या कोपऱ्यात नव्या रंगाखाली ती फुगलेली दिसतेच. दुसऱ्या टोकाला आणखी एक पाइप काढून दोन्ही तोंडांवर घुमटाकार जाळी बसवली की काम भागेल. मेअखेरीस पन्हळ साफ करायची, पुढे पावसाळाभर दर आठवड्याला. गच्चीवरच्या टाकीचं झाकण नुसतं ठेवलेलं आहे. माकडं ते एका दिवसात काढतील, तेव्हा कडी-कुलूप हवं.

कागदपत्रांत सर्वात आधी सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना वाचा. तिथे 'खाजगी वन' किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३)चा शेरा असेल तर टोकनसुद्धा देऊ नका. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने अशा जमिनी ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारजमा झाल्या. जुने फेरफारही काढा, कारण शेरा कधीकधी तिथेच सापडतो. सातबारा सामाईक असेल तर तुमचे चार गुंठे नेमके कुठले, हे कागदावर कुठेच नसतं. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या आणि मागचं कुंपण वनहद्दीच्या आत तर गेलेलं नाही ना, ते मोजणी नकाशाच्या 'क' प्रतीवर ताडून बघा. जमीन बिनशेती असल्याचा पुरावा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र तर लागतंच. अभयारण्याभोवती इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, त्यामुळे पुढे खोली वाढवणं, झाड तोडणं किंवा घराचं रिसॉर्ट करणं सहज होईल असं गृहीत धरू नका. असं आश्वासन कोणी दिलं तर लेखी मागा.

पाण्याची मदार एका बोअरवर आहे. कातळातल्या भेगांतलं हे पाणी एप्रिल-मेमध्ये उतरतं, म्हणून ऑक्टोबरात जोरात वाहणारा नळ बघून सौदा करू नका. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पंप सलग दोन तास चालवा आणि २०० लिटरचं पिंप भरायला सुरुवातीला किती मिनिटं लागली, शेवटी किती, ते लिहून ठेवा. वेळ दुपटीवर गेला तर बोअर उन्हाळ्यात दगा देणार. पाच माणसांना दिवसाला पावणेसातशे लिटर धरा. छपराचं पाणी सध्या सरळ गटारात जातं. ११० चौरस मीटरच्या या छपरावर प्रत्येक १०० मिलिमीटर पावसाला ११ हजार लिटर पाणी पडतं. खडी-वाळूच्या गाळणीतून ते बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडायला जागा आहे, मोरीच्या मागेच.