गाभाऱ्यातील मूर्ती: संगमरवराची की काळ्या पाषाणाची?

देवळाचा जीर्णोद्धार ठरला की मूर्तीच्या दगडाची चर्चा बहुधा रंगावर येऊन थांबते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: या मूर्तीवर रोज अभिषेक होणार आहे का?

संगमरवर हा उष्णता आणि दाब यांमुळे रूपांतर पावलेला चुनखडक आहे. त्यातील कॅल्साइट हे खनिज मोह्सच्या १ ते १० अशा कठिणता-मापनात ३ वर येते, त्यामुळे टाकी सहज चालते. शिवाय प्रकाश पृष्ठभागाच्या किंचित आत शिरून परततो, म्हणून घडवलेल्या गालावर आणि बोटांवर त्वचेची कोवळीक उतरते. अबूजवळच्या दिलवाडा येथील विमलवसही या जैन मंदिरात (१०३१) छतावरचे नक्षीकाम जे इतके नाजूक झाले आहे, त्यात कारागिरांच्या हाताइतकाच या दगडाच्या मऊपणाचाही वाटा आहे.

मात्र हेच कॅल्साइट आम्लाने झिजते. पंचामृतातील दह्याचा स्पर्श रोज होत राहिला तर झिलई मंदावते, आणि मग हळद-कुंकू व तेल दगडात मुरून डाग पडतात. पितळी प्रभावळ जागेवरच चिंच-लिंबाने घासली जाते, तेव्हा खाली येणारा ओघळही तितकाच घातक असतो. हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, लाव्हारसापासून झालेला असून त्याची कठिणता सुमारे ६ आहे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकापासून त्याच दगडात ऊनपाऊस झेलत उभे आहे. दही-दुधाने त्याचे सहसा काही बिघडत नाही. घडवायला मात्र वेळ आणि मजुरी अधिक लागते, आणि काही थरांत वायूच्या पोकळ्या असतात. अशी शिळा मुखासाठी घेऊ नये. मंद गाभाऱ्यात काळा चेहरा दुरून स्पष्ट दिसत नाही, हीही खरी उणीव आहे, पण समईची जागा नीट ठरवली तर ती बरीच भरून निघते.

अयोध्येत रामलल्लाच्या तीन मूर्ती घडवल्या गेल्या, दोन कृष्णशिलेच्या आणि एक राजस्थानातील मकराण्याच्या संगमरवराची. २२ जानेवारी २०२४ रोजी प्राणप्रतिष्ठा झाली ती कृष्णशिलेतील मूर्तीची. ही शिळा कर्नाटकातील आहे, सह्याद्रीतील बेसाल्ट नव्हे.

तेव्हा महादेवाचे देऊळ असेल किंवा मूळ मूर्तीलाच नित्य स्नान असेल, तर मी निःसंकोच काळा पाषाण सुचवीन. अभिषेक धातूच्या उत्सवमूर्तीवर होत असेल आणि मुख्य मूर्तीला केवळ वस्त्रालंकार असतील, तर संगमरवराइतके प्रसन्न दर्शन दुसऱ्या दगडात मिळणे कठीण. तो घ्यायचा असेल तर संगमरवराची भुकटी आणि रसायन साच्यात ओतून केलेली मूर्ती अखंड शिळेची म्हणून गळ्यात पडणार नाही, याची काळजी घ्यावी. इसार देण्यापूर्वी मूर्तिकाराकडून त्याच शिळेचा झिलई केलेला तुकडा मागून घ्यावा, त्यावर दही आणि कुंकू रात्रभर ठेवावे आणि सकाळी धुऊन समितीतील सर्वांनी तो उजेडात पाहावा.