डी अँड डीचं २०२४ चं प्लेयर्स हँडबुक: काही महिने खेळल्यावर क्लास आणि ओळखीबद्दल

डी अँड डी म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा गेम, आणि हे त्याचं नियमांचं पुस्तक. ते घेऊन बरेच महिने झाले, सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात मित्राच्या घरी वरच्या खोलीत रविवारी आमचा ग्रुप बसतो, त्यामुळं नुसतं चाळून नाही तर खेळून लिहितोय. ३८४ पानं, १२ क्लास (कॅरॅक्टरचे प्रकार, लढवय्या, जादूगार असे), प्रत्येकाला ४ सबक्लास (त्याच्या शाखा), चित्रं झकास, नियम पटकन सापडतेत, याबद्दल तक्रार नाही आणि यावर जास्त लिहीतही नाही. मला लिहायचंय ते एवढंच की तुमचं कॅरॅक्टर त्या जगात कोण आहे हे पुस्तक कितपत सांगतं. माझं मत असं झालंय की तुम्हाला काय काय येतं ते क्लास सांगतो, पण गाव तुम्हाला कोण म्हणून ओळखतं ते टेबलावर सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं, आणि या आवृत्तीत ते काम जरा जास्तच आपल्यावर सोडलंय.

आता बघा, गेममधला सराईवाला कुणाकडं बोट दाखवून "तो बघा फायटर" असं म्हणेल का, तो म्हणेल वेशीवरचा पहारेकरी, नाहीतर अमक्याचा धाकटा, सैन्यातून परत आलेला. फायटर, रोग (इंग्रजी rogue, चोर-बदमाश), बार्बेरियन ही नावं कॅरॅक्टरच्या शीटवर लिहायला ठीक आहेत, गावात ती कुणी घेत नाही. क्लेरिक (पुजारी), ड्रुइड (निसर्गपूजक), पॅलडिन (शपथेला बांधलेला योद्धा), वॉरलॉक (करार करून जादू मिळवणारा) यांचं वेगळं, त्यांच्यामागं देव असतो, शपथ असते, करार असतो, आणि ते आजूबाजूच्या लोकांनाही कळतं. १९७४ ला गायगॅक्स आणि आर्नसन यांनी गेम काढला तेव्हा तीनच क्लास होते, फायटिंग मॅन, मॅजिक युजर आणि क्लेरिक, चोर पुढच्या वर्षी आला. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड डी अँड डीच्या हँडबुकात तर लेव्हललाच पदवी असायची, पहिल्या लेव्हलचा फायटर व्हेटरन, चौथ्याला हीरो, नवव्याला लॉर्ड, आणि लॉर्ड झाला की गढी बांधायची आणि पदरी माणसं ठेवायची. म्हणजे लेव्हल वाढली की समाजातली जागा पण वाढायची. आता ते बंधन नाही आणि मला ते आवडतं, पण रिकामी झालेली जागा कुणीतरी भरायला पाहिजे ना.

आमच्यात ती भरली बॅकग्राउंडनं, म्हणजे कॅरॅक्टर आधी काय करायचं ते सांगणाऱ्या निवडीनं. आमच्यातला एकजण सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी पॉवरलूम, त्यानं रोग घेतला आणि बॅकग्राउंड आर्टिझन (कारागीर), हत्यारं विणकराची. चोर नाहीच तो, विणकरांच्या गिल्डचा माल कुणी पळवला की शोधून आणणारा माणूस. एका सेशनला बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये शिरलो, डीएमनं (गेम चालवणाऱ्यानं) इन्व्हेस्टिगेशनचा, म्हणजे शोध घ्यायच्या स्किलचा फासा मागितला, तर हा फासे हातात धरूनच विचारतो, बीमवरचं सूत तुटलंय का कापलंय, तुटलं असेल तर टोक पिंजारलेलं दिसेल, कापलं असेल तर सगळी टोकं एका रेषेत. डीएम दोन सेकंद गप्प, मग म्हणाला एका रेषेत. नव्या नियमात टूल आणि स्किल दोन्हीची प्रोफिशियन्सी (सराव) एकाच चेकला लागत असेल तर ॲडव्हान्टेज मिळतो (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा), आर्टिझनला इन्व्हेस्टिगेशन असतंच, त्यामुळं डीएमनं तो दिला आणि तिथून गिल्डच्या आतलाच माणूस फितूर असल्याचं निघालं. स्नीक अटॅकनं, म्हणजे रोगच्या लढाईतल्या खास वारानं, ते निघालं नसतं. हा नियम या पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता, माणसाच्या पोटापाण्याच्या धंद्याला त्यानं खरी किंमत दिली.

पण याच बॅकग्राउंडमधून एक लई चांगली गोष्ट काढून टाकलीय. २०१४ च्या पुस्तकात गिल्ड आर्टिझनला मेंबरशिप होती, महिन्याला ५ सोन्याची नाणी वर्गणी, बदल्यात परगावी गिल्डच्या लोकांकडं राहायची जेवायची सोय, खोटा आळ आला तर गिल्ड पाठीशी, अगदी मेलात तर क्रियाकर्माचा खर्चसुद्धा. आता त्या जागी क्राफ्टर नावाचं फीट (खास कसब), साध्या वस्तूंवर २० टक्के सूट. सूट घेऊन काय करायची, पाठीशी उभी राहणारी माणसं गेली त्याचं काय? आम्ही जुना नियम परत लावला, वर्गणीसकट. ॲबिलिटी स्कोअरमधली (ताकद, चपळाई वगैरेंच्या आकड्यांतली) वाढ आता स्पीशीजऐवजी (एल्फ, ड्वॉर्फ वगैरे) बॅकग्राउंडमधून येते हे मात्र योग्य केलं, राबून अंग कमावलंय हे कुठल्या जमातीत जन्मलो यापेक्षा पटतं.

दुसरी अडचण सबक्लासची, सगळ्यांचे तिसऱ्या लेव्हलला. पॅलडिनचं आधीपासून तसंच होतं, पण क्लेरिकला आधी पहिल्याच लेव्हलला डोमेन (देवाप्रमाणं शाखा) मिळायचं, वॉरलॉकला पेट्रन (ज्याच्याशी करार केला ती शक्ती). नव्या खेळाडूला हे सोपं जातं, कबूल, पण गोष्टीत दोन लेव्हल हा क्लेरिक नेमका कुणाची पूजा करतो? आम्ही देव आणि पेट्रन पहिल्याच दिवशी ठरवतो, त्याची ताकद तिसऱ्याला घेतो, काही बिघडत नाही.

आमच्या पॅलडिनला गेममधल्या शहरात पॅलडिन कुणीच म्हणत नाही, तो मानकरी. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे बघत मोठे झालेलो आम्ही, तेवढा उंच ध्वज कमरेला पेलून चालायचं, तोल गेला तर सगळ्या गर्दीचा श्वास अडकतो, आणि तो मान कुणाचा हे अख्ख्या गावाला पाठ. तसाच एक ध्वज गेममध्ये त्याच्या घराण्याकडं आहे, शपथ त्या ध्वजाची. पुढं त्यानं दुसरा क्लास म्हणून वॉरलॉकच्या दोन लेव्हल घेतल्या, स्ट्रेंग्थ आणि करिश्मा दोन्ही १३ च्या वर होतेच त्यामुळं नियमात बसलं, पण गावासाठी तो अजून मानकरीच आहे आणि करार केल्याचं कुणाला माहीत नाही. सध्या आमचा सगळा गेम या एकाच गोष्टीवर चाललाय, घराण्याला कळलं तर ध्वज राहील का जाईल. क्लास म्हणजेच ओळख असं धरलं असतं तर हे सुचलंच नसतं.

अजून एक, थीव्हज कँटला (रोगांची गुप्त भाषा) आम्ही सरळ तेलुगू वापरतो. डीएम आणि रोगवाला दोघं घरी तेच बोलतेत, बाकीचे नुसते तोंडाकडं बघत बसतो. ज्याला थोडं समजतं त्याचं कॅरॅक्टर त्याच गल्लीत वाढलेलं असं धरतो.

घ्यायचं का? टेबलाला एक प्रत पुरते, ती वर्गणी काढून घ्या. आधी फुकट बघायचं असेल तर एसआरडी ५.२ (मूळ नियमांचा मोफत दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, पण त्यात प्रत्येक क्लासला एकच सबक्लास आणि बॅकग्राउंड १६ पैकी चारच, ॲकोलाइट, क्रिमिनल, सेज, सोल्जर. आर्टिझन त्यात नाही, त्यासाठी पुस्तकच लागतं. आणि २०१४ चं कुणाकडं पडून असेल तर रद्दीत जाऊ देऊ नका, त्यातली बॅकग्राउंडची पानं अजून दर रविवारी आमच्या टेबलावर उघडी असतात.